तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी संगणकापाशी

दहावीचा निकाल लागला की पालक आमच्यापाशी एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलाला इतिहास, भाषा आवडते. पण सर, कला शाखेत गेल्यावर पुढे काय? आपले माजी विद्यार्थी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरीला लागलेले दिसत असल्याने या प्रश्नाला अधिकच धार येते. कला शाखा घेतली की संगणकाचे दार कायमचे मिटले, असे गृहीतच धरलेले असते. आम्ही इतिहासाचे शिक्षक, संगणकाचे तज्ज्ञ नव्हे. तथापि इतिहासाच्याच वाटेने आम्हांला भेटलेल्या एका प्रोग्रामरची ओळख येथे करून द्यावीशी वाटते.

टोनी होअर यांचा जन्म १९३४ साली कोलंबो येथे झाला. वडील ब्रिटिश राजवटीतील अधिकारी. (१९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला परतलेले होते.) ऑक्सफर्डला होअर यांनी ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले व १९५६ साली पदवी घेतली. सक्तीच्या सैनिकी सेवेत, नौदलात असताना ते रशियन भाषा शिकले. पुढे ऑक्सफर्डलाच संख्याशास्त्र शिकत असता त्यांचा संगणकाशी परिचय झाला आणि त्यानंतर ते मॉस्को विद्यापीठात गेले.

येथे एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि चुकलो तरी सावरण्याची सवड, हे त्यांना घराण्यामुळे सुलभ होते. आपल्या मुलांना तशी सवड मिळत नाही. शिवाय तत्त्वज्ञानानंतर त्यांनी संख्याशास्त्राची मेहनत घेतली, ती टाळली नाही. परंतु तर्काची जी शिस्त तत्त्वज्ञानाने लावली, ती त्यांना जन्मभर पुरली.

मॉस्कोत रशियन वाक्यांचे यंत्राद्वारे भाषांतर करण्याच्या प्रश्नावर विचार चालू होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर, वर्णानुक्रमे. तेव्हा वाक्यातील शब्दही आधी वर्णानुक्रमे लावून घेतले, तर फीत वारंवार मागेपुढे फिरवावी लागणार नाही. त्यासाठी त्यांनी जी रीत शोधली ती ‘क्विकसॉर्ट’. आपल्या प्रार्थनेच्या मैदानावर तिचे प्रात्यक्षिक सहज होईल. मुलांना उंचीनुसार उभे करायचे आहे. कोणताही एक मुलगा मध्ये उभा करावा, त्याच्याहून बुटके डावीकडे आणि उंच उजवीकडे पाठवावेत. मग प्रत्येक गटात पुन्हा तेच. गट एकेका मुलाचे उरले की रांग तयार. १९६० साली इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स या कंपनीत रुजू झाल्यावर आपली रीत अधिक वेगवान असल्याबद्दल त्यांनी वरिष्ठांशी सहा पेन्सची पैज लावली आणि ती जिंकली.

मात्र ही रीत नेटकेपणाने लिहून दाखवणे त्यांना जमत नव्हते. ते जमले अल्गोल ६० ही भाषा शिकल्यावर. कारण त्या भाषेत एखादी कृती स्वतःच स्वतःला पुन्हा बोलावू शकते. विचार साधा असला तरी तो साधेपणाने मांडू देणारी भाषा लागते, हा धडा त्यांनी येथे घेतला. त्याच भाषेचा कंपायलर, म्हणजे मानवी लिखाणाचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम, त्यांनी एलियटच्या संगणकासाठी यशस्वीपणे तयार केला.

आणि मग मोठे अपयश आले. एलियट ५०३ या यंत्रासाठी नव्या सॉफ्टवेअरचा भव्य संकल्प आखला गेला. जुना कंपायलर सेकंदाला सुमारे हजार अक्षरे हाताळत असे. नवा केवळ दोन हाताळू लागला. यंत्राची मुख्य स्मृती अपुरी, त्यामुळे मजकूर संथ स्मृतीतून सतत आत-बाहेर नेण्यातच वेळ जाई. तीसहून अधिक मनुष्यवर्षांचे काम टाकून द्यावे लागले. १९८० साली संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानाचा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना होअर यांनी हीच कहाणी भर सभेत सांगितली आणि आखणारा व व्यवस्थापक या दोन्ही नात्यांनी जबाबदारी आपलीच होती, हे निःसंकोच मान्य केले. सत्काराच्या भाषणात असे कोणी बोललेले आम्ही तरी आपल्याकडे ऐकलेले नाही.

त्याच भाषणात त्यांनी रचनेविषयीचा आपला विचार मांडला. रचना इतकी साधी करता येते की दोष असता तर तो दिसलाच असता. किंवा इतकी गुंतागुंतीची, की दोष असूनही दिसत नाही. पहिली वाट अधिक कठीण, हे त्यांचे म्हणणे आम्हांला विशेष पटले. ‘साधे’ म्हणजे ‘सोपे’ नव्हे. पाल्हाळिक उत्तरपत्रिकेत अज्ञान लपवणे किती सुकर असते, ते तपासणाऱ्यास विचारावे.

एक उदाहरण पाहावे. वसतिगृहात साठ खाटा आहेत आणि कोणी एकसष्टाव्या खाटेवरील वस्तू आणावयास सांगितले, तर अधीक्षक थांबून विचारील. निष्काळजी प्रोग्राम मात्र थांबत नाही. खाटांच्या पलीकडे जे हाताला लागेल तेच उचलून आणतो. होअर यांच्या कंपायलरमध्ये ही तपासणी प्रत्येक वेळी होई. वेग वाढवण्यासाठी ती बंद करण्याची सोय हवी काय, असे ग्राहकांना विचारले असता सर्वांनी नको म्हणून सांगितले. चूक कळण्यासाठी थोडा वेग गमावणे त्यांना मान्य होते.

परीक्षण करूनच स्वीकारावे, ही आपल्या धम्माची शिकवण. होअर यांचे पुढील कार्य वाचताना तिचे स्मरण होते. १९६८ साली ते बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९६९ च्या निबंधात त्यांनी प्रोग्राम चालवून पाहणे पुरेसे न मानता, तो बरोबर आहे हे भूमितीच्या प्रमेयाप्रमाणे सिद्ध कसे करावे, याची पद्धत दिली. १९७७ साली ते ऑक्सफर्डला परतले. १९९९ मध्ये तेथून निवृत्त झाल्यावर केंब्रिजला मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात गेले. सिद्धतेवाचूनही सॉफ्टवेअर इतके भरवशाचे कसे झाले, असा प्रश्न त्यांनी १९९६ साली स्वतःच्याच सिद्धान्तापुढे निबंधरूपाने ठेवला आणि आपली जुनी भाकिते खरी ठरली नाहीत, हे कबूल केले.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध कबुली २००९ ची. १९६५ साली एका भाषेची रचना करताना त्यांनी ‘नल’ म्हणजे कशाकडेही निर्देश न करणारा निर्देश ठेवला होता. नोंदवहीत पालकाच्या पत्त्याची जागा कोरी आणि शिपाई मात्र पत्र घेऊन निघालेला, असा हा प्रकार. त्यामुळे पुढील दशकांत असंख्य प्रोग्राम कोलमडले. तो अंतर्भूत करणे फार सोपे होते म्हणून मोह आवरला नाही, असे सांगून पंच्याहत्तरीच्या होअर यांनी लंडनमधील व्याख्यानात त्या नुकसानीचा हिशेब अब्ज डॉलरचा मांडला आणि चूक स्वतःच्या नावे लिहून घेतली.