रक्तदाब आणि आपण : भाग ६
गोळीच्या जोडीची गोळी

आजचा भाग बीपीची गोळी न चुकता घेणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या बाबतीत घोळ होतो तो बहुधा सोबत घेतलेल्या दुसऱ्याच गोळीमुळे.

टेलमिसार्टन आपल्याकडे घरोघरी चालतं. स्ट्रिपवर नुसतं ४० असेल तर ते एकटं, ४० मिलिग्रॅम. पुढे इंग्रजी ‘एएम’ असेल तर सोबत अम्लोडिपिन. ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. एका अक्षराने औषध बदलतं, म्हणून स्ट्रिप दुकानातच वाचून घ्या.

आता गुडघे धरतात. डॉक्टरांकडे कशाला जायचं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन येतं आणि आठवडेच्या आठवडे चालू राहतं. या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात, बीपी चढतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारतात, ‘‘गोळी घेताय ना रोज?’’ ‘‘हो, रोज.’’ गुडघ्याच्या गोळीचं नावच निघत नाही, कारण तिला कोणी औषध समजत नाही. मग बीपीच्या गोळीचा डोस वाढतो.

किडनीचं नुकसान याहून गंभीर. किडनीतल्या गाळणीत रक्त एका बारीक वाहिनीने येतं, दुसरीने जातं. टेलमिसार्टन जाणारी वाहिनी सैल करतं, पेनकिलर येणारी आवळते आणि ‘एच’मुळे अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीवरचा दाब पडतो आणि क्रिएटिनिन वाढू लागतं. त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगातून घामाच्या धारा लागल्या, तर काही दिवसांतच किडनी अडचणीत येऊ शकते.

आळंदी-देहूहून पंढरपूरला पायी निघणाऱ्यांत बीपीवाले पुष्कळ असतात. सुमारे तीन आठवडे चालणं, पाय भरून येणं, पाणी कमी पडणं आणि दुखलं की मिळेल ती गोळी. माउलींनो, निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, दुखल्यावर कोणती गोळी चालेल? पॅरासिटॅमॉल त्या मानाने बरी, पण तीही मोजून. जुलाब लागले तर बीपीची गोळी तेवढे दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा, मनाने ठरवू नका. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

मिठाचंही सांगायला हवं. उपासाचं सैंधव बीपीला चालतं, हा समज चुकीचा आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. टेलमिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल ही औषधं अंगात पोटॅशियम धरून ठेवतात. किडनी कमजोर असेल तर ते वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं मीठ घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. याच तिन्ही गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक असतात. मूल हवं असेल तर आधीच बोलून गोळी बदलून घ्या.

आणि पावसाळा आहे म्हणून : टेलमिसार्टन हवेतली ओल शोषून घेतं. सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या सुट्या काढून ठेवू नका. कात्रीने स्ट्रिपचे तुकडे करून वेष्टनासकट ठेवा. कापताना नाव आणि एक्स्पायरी छापलेली बाजू शेवटच्या गोळीपर्यंत राखा.