बोक्याच्या कानावरचा थेंब

दवाखान्याच्या टेबलावर मोजलेली मांजराची साखर खरी असेलच, असं नाही. आळंदीतून निघालेलं मांजर आधी टोपलीत कोंडलं जातं. मग देहूफाटा, दिघी, विश्रांतवाडी असं करत, हॉर्नच्या गोंगाटातून ते पुण्यात पोचतं. दवाखान्यात समोरच्या बाकाखाली एखादा अल्सेशियन बसलेला असतो. घाबरलेल्या मांजराच्या अंगात अॅड्रेनलिन उसळतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि बघता बघता आकडा चढतो. निरोगी मांजराची साखर साधारण 80 ते 120च्या घरात असते. टेबलावर तीच 200 ओलांडते, कधी 300लाही टेकते. अशा आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरला, तर घरी परतून शांत झालेल्या मांजराला तो जास्त होतो.

म्हणून मधुमेही मांजर असलेल्या घराने ग्लुकोमीटर हातात घ्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. यंत्र काही अनोळखी नाही. आळंदी, मोशी, चऱ्होलीत कितीतरी घरांत ते आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात पडलेलं असतं. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं आणि ‘आज किती आली?’ विचारायचं, हा सराव घरात आहेच. तोच मांजराच्या कानापर्यंत न्यायचा आहे.

मांजराला शुगर झाल्याची पहिली वर्दी पाण्याचं भांडं देतं. रक्तातली साखर 250च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती थोपवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. मांजर भसाभसा पाणी पितं, वाळूच्या तबकात मोठमोठे गोळे होतात, मोरीत केली तर लघवीला मुंग्या लागतात. खाणं वाढतं, पण पाठीवरून हात फिरवला तर मणके बोटांना लागतात. काही मांजरं मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. साखरेने मज्जातंतू दुखावल्याची ती खूण. निदानासाठी डॉक्टर एका आकड्यावर विसंबत नाहीत. फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी मागच्या एक-दोन आठवड्यांचा साखरेचा हिशेब सांगते आणि त्या दिवशीच्या घाबरण्याने ती बदलत नाही.

हा आजार बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 मधुमेहासारखा असतो. वय झालेले, वजन वाढलेले, नसबंदी केलेले आणि दिवसभर फ्लॅटमध्ये पडून राहणारे बोके त्याच्या तावडीत जास्त सापडतात. स्टेरॉइडच्या औषधांनीही तो उद्भवतो. खाण्याचा वाटा मोठा. मांजर मूळचं मांसाहारी, त्याच्या शरीराला पिष्टमय अन्नाची सवय नाही. आपल्याकडे त्याच्या पुढ्यात दूधपोळी, दूधभात किंवा पाकिटातले कोरडे दाणे पडतात. आळंदीत माळकरी घरं पुष्कळ, तिथे मांस-मासे उंबरा ओलांडत नाहीत. त्या निष्ठेबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण मधुमेही बोक्याला दूधभातावर ठेवणं त्याच्या जिवावर बेततं. कमी पिष्टाचं, मांसाचं ओलं खाद्य तयार पाऊचमध्ये मिळतं, त्यासाठी अंगणात वेगळी ताटली ठेवता येईल. मात्र इन्सुलिन चालू असताना आहार अचानक बदलला तर साखर झपकन उतरते. डॉक्टरांना विचारून आणि रोज मोजूनच बदलायचा.

आमच्या ओळखीच्या एका घरात हे मोजणं मी जवळून पाहिलंय. आजी जमिनीवर मांडी घालून बसतात. नातू चाकणला कामाला आहे, तो गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं बोक्याच्या कानाला लावून धरतो. कान गार असला की रक्त येत नाही, आणि नवशिक्यांचे बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. कान ऊबदार झाला की पुसून कोरडा करायचा, कारण ओल राहिली तर थेंब पातळ होऊन आकडा चुकतो. स्पिरिट लावायचं नाही, त्याच्या वासाने मांजर बिथरतं. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. ती टोचायची नसते. शीर आणि कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत सुई लावायची. कानामागे कापसाचा बोळा धरला की सुई आरपार गेली तरी आपल्या बोटात घुसत नाही. व्हॅसलीनचं नुसतं बोट आधी फिरवलं तर रक्त केसांत पसरत नाही, मण्यासारखं उभं राहतं.

“आज्जे, धर गं नीट, हलतोय तो.”

“मी कुठं सोडलाय? तूच टोच लवकर.”

स्ट्रिपचं टोक थेंबाला लावलं की ती स्वतःच रक्त ओढून घेते. एक मायक्रोलिटरभर रक्तही बहुतेक यंत्रांना पुरतं. नंतर बोळा क्षणभर दाबून धरायचा, नाहीतर कानावर काळानिळा डाग उठतो. आणि आकडा काहीही येवो, बोक्याला त्याचा खाऊ लगेच मिळाला पाहिजे. चार-आठ दिवसांत त्याला कान आणि खाऊ यांचं नातं कळतं. मग फडकं पाहून तो पळून जात नाही, उलट जवळ येतो.

आता यंत्राबद्दल. चाकणच्या कारखान्यात क्वालिटीत काम करणाऱ्याला हे चटकन उमजेल: एका भागासाठी कॅलिब्रेट केलेला गेज दुसऱ्या भागाला लावला तर माप येतं, पण ते खरं नसतं. माणसाच्या रक्तात सुमारे 58 टक्के साखर पातळ द्रवात असते, उरलेली तांबड्या पेशींत. मांजराच्या रक्तात सुमारे 93 टक्के द्रवात आणि जेमतेम 7 टक्के पेशींत. माणसांसाठी बनवलेलं यंत्र माणसाचं प्रमाण धरून हिशेब करतं, त्यामुळे मांजराची साखर ते सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. कुत्र्या-मांजरांसाठी जुळवलेलं अल्फाट्रॅकसारखं यंत्र मिळतं, पण त्याच्या स्ट्रिप महाग. घरातलं साधं यंत्र वापरायला माझी हरकत नाही. फक्त ते बदलू नये, आणि कोणत्या यंत्राने मोजलं हे डॉक्टरांना सांगावं. दोन यंत्रांचे आकडे एका वहीत मिसळले की त्यातून काहीच कळत नाही.

एकट्या आकड्याला अर्थही थोडाच. सकाळी इन्सुलिनच्या आधी मोजायचं, मग संध्याकाळच्या डोसपर्यंत दर दोन तासांनी. असा दिवस अधूनमधून काढला की साखर कुठे तळ गाठते ते दिसतं. हा तळ साधारण 80 ते 150मध्ये राहिला तर डॉक्टर समाधानी असतात. डोसच्या आधीच आकडा 150च्या आत आला तर सुई बाजूला ठेवून फोन करावा. 60च्या खाली गेला तर वेळ दवडू नये. मांजर खात असेल तर लगेच खायला द्यावं. लटपटत असेल, झटके येत असतील, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळून दवाखाना गाठावा. शुद्धीवर नसलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. मधुमेहाच्या उपचारात घरात मांजर दगावण्याचा सगळ्यात जवळचा धोका उतरलेल्या साखरेचा आहे, चढलेल्या नव्हे.

इथे सिरिंजबद्दल आवर्जून सांगायला हवं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतेच्या मिळतात, एका मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची. लाल टोपणाची सिरिंज 40साठी, केशरी टोपणाची 100साठी. मांजरांना बहुधा दिलं जाणारं ग्लार्जिन हे इन्सुलिन 100चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. बोक्याचा डोस अनेकदा एका युनिटनेच सुरू होतो, हे लक्षात घेतलं तर ही अदलाबदल किती घातक ते कळेल. औषधाच्या दुकानात काउंटरवरच बाटली आणि टोपण शेजारी ठेवून पाहावं.

इन्सुलिन बारा-बारा तासांनी द्यायचं असतं, आणि आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या घरांची खरी अडचण तिथे आहे. आठवड्याला फर्स्ट, सेकंड, नाइट अशी पाळी फिरते. सकाळी सातचा डोस देणारा माणूस संध्याकाळी सातला लाइनवर असतो. तेव्हा घरातल्या किमान दोघांना टोचता यायला हवं. फ्रिजवर वही टांगावी आणि वेळ, आकडा, डोस, देणाऱ्याची सही असं लगेच लिहावं. नाइट करून आलेल्याने ‘दिला नसेल’ म्हणून दुसऱ्यांदा सुई दिली, की एका रात्रीत अनर्थ होतो. या वहीच्या पानाचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर गेला तर बरेच निर्णय फोनवर होतात.

आळंदीच्या कार्तिकी यात्रेच्या दिवसांत घरी मोजण्याचं महत्त्व जास्तच पटतं. वद्य एकादशीच्या सुमारास गावात गाड्यांना बंदी, घरोघरी दिंडीतली माणसं उतरलेली, रात्रभर टाळ-मृदंग. मांजर माळ्यावर दडून बसतं आणि खात नाही. न खाल्लेल्या मांजराला नेहमीचा डोस देणं धोक्याचं, आणि पुण्याला नेणं तर अशक्यच. अशा वेळी कानावरचा एक थेंब, वहीतला आकडा आणि डॉक्टरांचा फोन एवढ्यावर निभावतं.

मानेवर किंवा छातीवर केस भादरून लावायचे साखर मोजणारे 14 दिवसांचे सेन्सरही आता मांजरांना लावतात. टोचणं त्याने कमी होतं, खर्च वाढतो. अमेरिकेत 2022च्या डिसेंबरमध्ये बेक्साग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या गोळीला मांजरांसाठी मान्यता मिळाली, पण ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी नाही. शिवाय ही गोळी चालू असताना साखर फारशी न चढताही रक्तात कीटोन वाढून मांजर गंभीर होऊ शकतं.

इतका खटाटोप करण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. मांजराचा मधुमेह मागे हटू शकतो. कर्स्टन रूंप आणि जॅकी रँड यांनी 2009 साली 55 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे पालक घरी साखर मोजून ग्लार्जिन देत होते. त्यातल्या 64 टक्के मांजरांचं इन्सुलिन बंद करता आलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असे उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होतं. मात्र स्वादुपिंड पुन्हा कामाला लागलं, हे बाहेरून दिसत नाही. साखर हळूहळू उतरत जाते, जुना डोस जड होऊ लागतो आणि ते फक्त मोजणाऱ्या घरालाच वेळेवर कळतं. आजार परत उलटूही शकतो. त्यामुळे इन्सुलिन थांबलं तरी स्ट्रिपची डबी टाकू नये. डॉक्टर सांगतील त्या अंतराने कान टोचत राहावं. आणि पुढे कधी दुसऱ्या दुखण्यासाठी कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं, तर याला शुगर होऊन गेलीय, हे आधी सांगावं.