पतअहवालातील चूक : दाद कोठे व कशी मागावी?

कर्ज मागणाऱ्याची पत आज तीन आकड्यांत मोजली जाते. ३०० ते ९०० या पट्ट्यातील हा गुणांक 'सिबिल' या नावाने घरोघरी परिचित झाला असला, तरी देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका व वित्तसंस्था पाठवतील त्या माहितीवरच त्यांचा अहवाल बेतलेला असतो. माहिती चुकली, तर फटका मात्र कर्जदाराला बसतो.

बँक ऑफ महाराष्ट्र, कॉसमॉस सहकारी बँक आणि बजाज फायनान्स या तिन्ही संस्थांची मुख्यालये असलेल्या पुण्यात एकाच कुटुंबाचे गृहकर्ज एका बँकेत, वाहनकर्ज दुसरीत आणि मोबाइल वित्तकंपनीच्या हप्त्यांवर असणे नवे नाही. जितक्या संस्था तितक्या नोंदी आणि तितक्याच चुकांच्या शक्यता. फेडलेले कर्ज थकीत दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर चढणे, विवाहानंतर बदललेल्या नावाने नोंदींचा घोळ होणे, हे नेहमीचे प्रकार. म्हणूनच कर्जाची निकड उद्भवण्यापूर्वीच अहवाल पाहून ठेवणे शहाणपणाचे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य मिळतो.

चूक आढळल्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्यातील कलम २१ नुसार, संबंधित बँकेने दुरुस्ती योग्य असल्याचे प्रमाणित केल्याखेरीज पतमाहिती कंपनीला नोंद बदलता येत नाही. त्यामुळे केवळ कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून स्वस्थ बसू नये. बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज द्यावा. सोबत ना-देय प्रमाणपत्र व खातेउतारा जोडावा आणि तारखेची पोच घ्यावी. चूक चारही अहवालांत आहे का, हेही तपासावे.

तारखेचे महत्त्व मोठे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देय ठरते. एप्रिल २०२४ पासून ही तरतूद लागू आहे. बँकेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठविली नाही, तर भरपाई बँकेने द्यायची. ती वेळेत येऊनही काम अडले, तर पतमाहिती कंपनीने. गुणांक कसा काढला, याविषयीच्या वादाला मात्र ही भरपाई लागू नाही. तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत.

दुरुस्ती होते ती चुकीची. खऱ्या थकबाकीची नव्हे. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटविलेले कर्ज अहवालात 'सेटल्ड' असेच नोंदले जाते. पूर्ण फेडीनंतरच्या 'क्लोज्ड' या नोंदीइतकी त्याची पत नसते. पैसे घेऊन गुणांक वाढवून देण्याची हमी देणाऱ्या मध्यस्थांपाशी यावर कोणताही गुप्त उपाय नाही. खरी चूक असेल तर तिची तक्रार विनाशुल्क करता येते, आणि थकबाकी खरी असेल तर ती फेडून पुढचे हप्ते वेळेवर भरणे, एवढाच मार्ग उरतो.