पहिल्या क्रेडिट कार्डावर लिमिट किती मिळतं? लोहाऱ्यातून अर्ज करण्याआधी हे समजून घ्या

'सिबिल नसलं तरी ५ लाखांचं लिमिट', 'पाच मिनिटांत रिवॉर्ड कार्ड मंजूर'. असे रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. प्रत्यक्षात अर्ज केला की कुणाला १५ हजारांचं लिमिट मिळतं, तर कुणाला 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही' एवढाच मेसेज येतो.

असं का होतं? यवतमाळच्या लोहाऱ्यासारख्या भागातून अर्ज करताना कशाने फरक पडतो? सोप्या भाषेत पाहूया.

बँक नेमकं काय तपासते?

क्रेडिट कार्ड म्हणजे तारण नसलेलं कर्ज. पैसे बुडाले तर बँकेकडे विकायला काही नसतं. म्हणून ती मुख्यतः तीन गोष्टी पाहते: कागदावर दिसणारं उत्पन्न, आधीच्या कर्जफेडीची नोंद आणि तुमच्यावर सध्या असलेला हप्त्यांचा बोजा.

इथेच अनेकांचं गाडं अडतं. एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काम करणाऱ्याला पगार रोख मिळत असेल, तर सॅलरी स्लिप नसते. कापूस-सोयाबीन विकून वर्षाला चांगले पैसे येतात, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने अनेक जण आयकर विवरणपत्र भरतच नाहीत. कमाई असते, कागद नसतो. किराणा दुकान किंवा गॅरेज असेल, तर कर लागत नसला तरी विवरणपत्र भरून ठेवा. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं अर्जाला वजन देतात.

पत्त्याचाही संबंध असतो. अनेक कार्ड कंपन्या ठरावीक पिनकोडवरच कार्ड देतात. त्यामुळे पुण्यातल्या मित्राला मिळालेलं कार्ड तेवढ्याच पगारावर तुम्हाला नाकारलं जाऊ शकतं. अर्जाआधी आपला पिनकोड त्या यादीत आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर तपासा.

सिबिलमध्ये काय दिसतं, काय दिसत नाही?

भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था कर्जाच्या नोंदी ठेवतात. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० दरम्यान असतो. साधारण ७५० च्या वर असेल तर काम सोपं होतं. मात्र किमान स्कोअर किती हवा, हे रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं नाही. ते प्रत्येक बँक स्वतः ठरवते.

गावाकडे महत्त्वाची गोष्ट ही की पतसंस्थेचं कर्ज किंवा भिशी तुम्ही वर्षानुवर्षं वेळेवर फेडली असेल, तरी त्याची नोंद बहुतेकदा या अहवालात नसते. उलट मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज, मोबाईलचा ईएमआय आणि बँकेचं पीककर्ज तिथे दिसतं. नातेवाईकाला तुम्ही जामीनदार असाल आणि त्याने हप्ते थकवले, तर तुमच्याही अहवालावर त्याचा परिणाम होऊ शकतो. तडजोड करून मिटवलेलं कर्ज 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि बँका त्याकडे संशयाने पाहतात.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्य सरकारने बँकांना बजावलं आहे. पण ती सवलत पीककर्जापुरती आहे. क्रेडिट कार्डासाठी बँक सिबिल पाहणारच.

आधी कधीच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअरऐवजी 'एनएच' किंवा उणे १ दिसतं. हा वाईट शेरा नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा सल्ला असल्याचं केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितलं होतं. तरी अर्ज मंजूर करायचा की नाही, हे शेवटी बँकच ठरवते.

मग लिमिट किती मिळेल?

ठरलेलं सूत्र नाही. ढोबळमानाने हातात येणाऱ्या पगाराच्या एक ते तीन पट लिमिट मिळतं. पहिल्याच कार्डावर बऱ्याचदा त्याहून कमी. २० हजार पगार असेल, तर सुरुवातीला १५ ते ४० हजारांची अपेक्षा ठेवणं वास्तवाला धरून आहे.

त्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे अशा कर्जासाठी बँकेला स्वतःचं जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. साहजिकच नवख्या ग्राहकाला मोठं लिमिट देताना बँका हात आखडता घेतात.

रिवॉर्डचा हिशेब लावून पाहा

समजा, लिमिट ३० हजार आहे. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवणं स्कोअरसाठी चांगलं मानतात, म्हणजे महिन्याला ९ हजारांच्या आत. तुम्ही ८ हजार खर्च केले आणि १ टक्का रिवॉर्ड मिळाला, तर महिन्याला ८० रुपये, वर्षाला ९६० रुपये होतात. कार्डाची वार्षिक फी ९९९ रुपये असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून १,१७९ रुपये जातात. म्हणजे २१९ रुपयांचा तोटा.

एखाद्या महिन्यात ८ हजारांच्या बिलापैकी किमान रक्कम म्हणून ४०० रुपयेच भरले तर? उरलेल्या ७,६०० रुपयांवर महिना ३.५ टक्के दराने २६६ रुपये व्याज लागतं, जीएसटीसह सुमारे ३१४. जवळपास चार महिन्यांचे रिवॉर्ड एका फटक्यात गेले. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून लिमिट लहान असताना फी नसलेलं कार्डच परवडतं.

मंजुरीची शक्यता कशी वाढवाल?

पहिलं, ज्या बँकेत पगार किंवा दुकानाचा गल्ला जमा होतो, तिथेच आधी विचारा. त्या बँकेला तुमचे व्यवहार माहीत असतात.

दुसरं, एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि तुम्हाला पैशांची निकड आहे, असा अर्थ निघतो. स्वतःचा स्कोअर पाहिल्याने मात्र तो कमी होत नाही. चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

तिसरा आणि सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड. २० हजारांची ठेव ठेवली तर साधारण १६ ते २० हजारांचं लिमिट मिळतं. उत्पन्नाचा पुरावा सहसा लागत नाही आणि ठेवीवर व्याज चालू राहतं. बिल थकवलं तर बँक ठेवीतून वसुली करते, हे विसरू नका. बिल वेळेवर भरत राहिलात, तर साधारण सहा महिन्यांत स्कोअर तयार होतो आणि मग साध्या कार्डासाठी अर्ज करता येतो.

हे तुमचे हक्क

अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवणं कार्ड कंपनीवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, कारण पुढच्या अर्जाआधी काय सुधारायचं ते त्यातूनच कळतं. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही आणि न मागता कार्ड पाठवता येत नाही.

'लिमिट वाढवून देतो' म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कॉल करा.