प्रबंधाचं टेम्पलेट: फ्लॉपीपासून ओव्हरलीफपर्यंत

डावा समास दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एकेक इंच, ओळींमध्ये दुप्पट अंतर. पीएचडीच्या प्रबंधाचे हे नियम टाइपरायटरच्या जमान्यातले. काळ्या रेक्झिनच्या बांधणीत डावीकडची अक्षरं गडप होऊ नयेत म्हणून दीड इंच, आणि गाइडला मधल्या जागेत दुरुस्त्या लिहिता याव्यात म्हणून दुप्पट अंतर. प्रबंध टाइप करून देणाऱ्या टायपिस्टांना हे तोंडपाठ असायचं. संगणक आला तसं त्यांच्या बोटांत बसलेलं हे ज्ञान एका फाइलीत गेलं. ती फाइल म्हणजे प्रबंधाचं टेम्पलेट.

गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र या विभागांत टेम्पलेट म्हटलं की बहुधा लाटेकचं. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं डोनाल्ड क्नूथ यांना बघवेनात, म्हणून १९७७ मध्ये ते टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमच्या कामाला लागले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात त्यावर लाटेक उभं केलं आणि कामाची वाटणी करून टाकली: लेखकानं मजकूर लिहावा, त्याचं रूप दुसऱ्या फाइलीनं ठरवावं. विद्यापीठाच्या टेम्पलेटला जागा मिळाली ती या वाटणीमुळे. १९९४ च्या आवृत्तीपासून अशा फाइलींना ‘क्लास’ म्हणू लागले आणि त्यांच्या नावापुढे सीएलएस लागलं.

नव्वदच्या दशकात ती बसवणं चांगलंच खटाटोपाचं होतं. टेम्पलेट फ्लॉपीवरून यायचं, पुष्कळदा दोन फाइलींच्या रूपात. डीटीएक्समध्ये कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकत्र असे; छोटी आयएनएस लाटेकमधून चालवली की स्पष्टीकरण गाळून सीएलएस तयार होई. मग ती ‘टेक्सएमएफ’ नावाच्या फोल्डरात, आत-आत जात, नेमक्या जागी ठेवायची. एवढं करूनही उत्तर यायचं, फाइल सापडत नाही. कारण टेक दर वेळी सगळी फोल्डरं धुंडाळत नाही, वेळ वाचवण्यासाठी तयार यादी बघतं. नवी फाइल त्या यादीत चढवायची तर ‘टेक्सहॅश’ ही आज्ञा द्यावी लागते. सोबतच्या सूचनांमध्ये नेमकी हीच ओळ अनेकदा नसायची, आणि त्या एका ओळीपायी कित्येकांनी लाटेकचा नाद सोडला याचं मला आजही वाईट वाटतं. लॅबमध्ये त्यात भर म्हणजे ते फोल्डर सगळ्यांचं सामायिक, त्यात लिहायची मुभा फक्त सिस्टिम अ‍ॅडमिनला. आपल्या होम फोल्डरात स्वतःचं टेक्सएमएफ करता येतं आणि टेक लाइव्ह या टेकच्या तयार संचात त्याला ती यादीही लागत नाही, हे समजलं की विद्यार्थ्याला कुणाची वाट बघावी लागत नसे.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटत आलेलं साधन म्हणजे ‘केपीएसईव्हिच’. त्याला फाइलीचं नाव द्या. सापडली तर ते तिचा पत्ता छापतं, नाही तर गप्प राहतं. उदाहरणार्थ, नवं टेम्पलेट नीट बसवलेलं असतं, तरी समास काही बदलत नाहीत. पत्ता बघावा तर प्रबंधाच्याच फोल्डरात सीनियरकडून आलेली जुनी प्रत पडलेली. टेक आधी चालू फोल्डर बघतं, मग होममधलं, मग सामायिक. त्यामुळे नव्या फाइलीपर्यंत ते पोचतच नाही. प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात मुलं या गोष्टीवर रात्री घालवतात, म्हणून मी ती सगळ्यांत आधी सांगतो.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची वाट वेगळी होती. नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्थुइस यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेकसाठी देवनागरी करून दिली, पण तिच्यात मजकूर रोमन लिपीत टाइप करून आधी ‘देवनाग’ प्रोग्रॅममधून काढावा लागे. मराठी प्रबंध अर्थातच डीटीपीवाल्याकडे गेले. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक आलं, युनिकोडमधली देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. टेम्पलेटं मात्र जुनीच राहिली. त्यांच्यात रोमन अक्षरांचा टाइम्स फाँट पक्का ठोकलेला. पीडीएफ व्यवस्थित तयार व्हायची आणि देवनागरीच्या जागी कोरा कागद. कारण फक्त लॉग फाइलीत नोंदलेलं असे. जुन्या फाँटच्या ओळी काढून फाँटस्पेक आणि पॉलिग्लॉसिया ही पॅकेजं घातली की काम होतं, पण हे विभागात कुणाला तरी ठाऊक असावं लागतं.

यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची झाली, ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार सुरू झालं. प्रबंध आता बहुतेक जण पडद्यावरच वाचतात, तरी टेम्पलेटातला बांधणीचा दीड इंच कायम आहे.

ब्राउझरमध्येच लाटेक चालवणाऱ्या ओव्हरलीफनं गेल्या दशकात बसवण्याचा प्रश्नच बाजूला सारला. झिप फाइल चढवायची आणि लिहायला बसायचं. ही मोठी सोय आहे, तिचा मला मनापासून आनंद आहे. पण तिनं एक जुनं दुखणं झाकलं. टेकचं इंजिन क्नूथ यांनी जवळजवळ गोठवून ठेवलंय. टेम्पलेटं ज्या पॅकेजांवर उभी असतात ती मात्र बदलत राहतात. पूर्वी बसवताना निदान फाइलीशी ओळख व्हायची. आता टेम्पलेट सीनियरकडून ज्युनियरकडे न उघडताच जातं, ज्यानं लिहिलं तो पदवी घेऊन निघून गेलेला असतो, आणि विद्यापीठानं प्रमाणपत्राच्या पानाचा मजकूर बदलला की दुरुस्त करणारं कुणी नसतं.

अमेरिकेत एमआयटीच्या प्रबंधाचा क्लास तिथल्याच जॉन लीनहार्ड या प्राध्यापकांनी लिहिला, आणि तो सीटॅन या टेकच्या जागतिक भांडारात आहे. टेक लाइव्हसोबत तो आपोआप येतो, वेगळा बसवावा लागत नाही. आपल्या विद्यापीठांनाही हे जमण्यासारखं आहे. पीएचडी विभागानं नियम बदलले की ते एका ठरलेल्या शिक्षकाकडे जावेत, त्यानं क्लास दुरुस्त करून तारखेसह सीटॅनवर चढवावा, आणि देवनागरी प्रबंधाची सोय त्याच क्लासमध्ये पहिल्यापासून असावी.