शरदातील रात्र आणि बागेतील आगगाडी

झाशीपासून सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या ग्वाल्हेरच्या राजवाड्यात, शिंदे महाराजांच्या जेवणाच्या मेजावर चांदीची छोटी आगगाडी फिरत असे. अशी छोटी गाडी घरच्या बागेतही चालवता येते. तिच्या दोन रुळांत बहुधा ४५ मिलिमीटर अंतर असते.

शरदात आकाश निवळते. मात्र रात्री दव पडते. ओल्या रुळांवर चाके घसरतात, म्हणून रूळ आधी कोरड्या कापडाने पुसावेत.

अंधारात छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात धावती गाडी पुढे सरकते आणि चित्रात तिच्या दिव्याची केवळ रेघ उमटते. गाडी स्पष्ट हवी असेल, तर ती थांबवावी व कॅमेरा तिवईवर ठेवावा. गाडी दाखवायची की तिची गती, हे आधीच ठरवावे.