शेजारच्या जिल्ह्याचा आकडा

2 जानेवारी 2021 ला महाराष्ट्रात कोरोना लसीकरणाचा 'ड्राय रन' झाला, तो चार जिल्ह्यांत: पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना. लस नव्हतीच. ओळखपत्र बघायचे, लसनोंदणीच्या कोविन प्रणालीवर नाव तपासायचे, टोचल्यासारखे करायचे आणि अर्धा तास बसवून ठेवायचे. प्रत्येक केंद्रावर पंचवीस आरोग्य कर्मचारी. तेव्हाचे राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे जालना जिल्ह्याचेच, त्यामुळे यादीत जालन्याचे नाव आल्याचे इथे कोणाला फारसे नवल वाटले नाही.

त्याआधीच्या एका यादीत मात्र जालना नव्हते, आणि त्याची चर्चाही झाली नाही. मे-जून 2020 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या 70 जिल्ह्यांत रक्ततपासणी केली. किती जणांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत, हे बघायचे होते. महाराष्ट्रातून सहा जिल्हे निवडले गेले: बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. त्यातले बीड, परभणी आणि जळगाव जालन्याच्या सीमेला लागून. पहिल्या फेरीत प्रौढांमधले देशाचे प्रमाण 0.73 टक्के निघाले. त्याच जिल्ह्यांत जून-जुलै 2021 ची चौथी फेरी झाली, तेव्हा सहा वर्षांवरील लोकांमध्ये ते 67.6 टक्क्यांवर गेले होते. मध्ये दुसरी लाट आणि लसीकरण, दोन्ही येऊन गेले. जालन्यात हा आकडा किती होता? बीड-परभणीवरून अंदाज करा, एवढेच उत्तर. नमुना पाहणीत असेच होते, त्यात कोणाचा दोष नाही. पण जालन्यातले, भंगार वितळवून सळया करणारे कारखाने, त्यांत परप्रांतातून आलेले मजूर, दाटीच्या खोल्या, धूर, जिनिंगमधली कापसाची धूळ हे सगळे परभणीच्या सरासरीत बसते असे मला वाटत नाही.

शंभर वर्षांपूर्वीही जालना असेच आकड्यांतून सुटले होते. जून 1918 मध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा उतरला, सप्टेंबरात त्याची दुसरी, फार घातक लाट आली आणि रेल्वेने ती आतवर गेली. देशातल्या बळींचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात आहेत. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग त्याआधीच सुरू झालेला, म्हणजे जालन्याला साथ यायला वाट मोकळी होती. पुढे 2014 मध्ये सिद्धार्थ चंद्रा आणि इव्हा कॅसेन्स-नूर यांनी ब्रिटिश अमलाखालच्या 213 जिल्ह्यांच्या मृत्युनोंदी अभ्यासल्या. साथ मुंबईकडून पूर्वेकडे सरकली तशी तिची मारकता कमी होत गेली आणि ती जास्त काळ रेंगाळली, असे त्यांना दिसले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या नकाशात आपण नाही.

ती साथ कशाने आली, हेही तेव्हा कळले नव्हते. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसातून वेगळा झाला तो 1933 मध्ये, लंडनमध्ये. 1918 चे डॉक्टर एका जीवाणूलाच दोष देत बसले होते. आपल्याकडे पुण्याची आजची राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) 1952 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने उभी राहिली, पण सुरुवातीचा भर कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंवर होता. श्वसनाचे विषाणू आणि 'एनआयव्ही' ही जोडी घराघरात पोचली 2009 च्या स्वाइन फ्लूने, पुण्यात ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू झाला तेव्हा. मार्च 2020 मध्ये याच संस्थेने कोरोनाचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि तिथलाच नमुना कोव्हॅक्सिनच्या मुळाशी आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांत या विषाणूचा बी.1.617 हा उपप्रकार दिसला. त्याच्याच एका शाखेला मे 2021 अखेर 'डेल्टा' हे नाव मिळाले, तोवर आपण दुसऱ्या लाटेतून होरपळून निघालो होतो.

साथीच्या या मागोव्यातले सर्वांत महागात पडलेले प्रकरण मात्र विषाणूचे नाही, हवेचे आहे. मार्च 2020 च्या शेवटी जागतिक आरोग्य संघटना ठामपणे सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. मोठे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात, म्हणून अंतर ठेवा, हात धुवा, पृष्ठभाग पुसा. जुलैमध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हे खोडले. बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. संघटनेला हे मोकळेपणाने म्हणायला 2021 उजाडले. तोवर आपण भाजी मिठाच्या पाण्यात धूत होतो आणि खिडक्या लावून घरात बसत होतो. उलटे करायला हवे होते: खिडक्या उघडायच्या, कामगारांच्या खोल्यांतली दाटी कमी करायची.

त्या मजुरांचे काय झाले, हे जालना विसरलेले नाही. टाळेबंदीत कारखाना बंद, गाडी नाही, म्हणून इथल्या एका पोलाद कारखान्यातले मजूर रुळांवरून मध्य प्रदेशाकडे चालत निघाले. 8 मे 2020 च्या पहाटे वाटेत करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा जणांना मालगाडीने चिरडले. साथीच्या मृत्यूंत त्यांची गणती नाही.

प्रतिकारशक्तीबद्दलही आपण एकाच आकड्याला धरून बसलो. प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरतात, म्हणून लोक लगेच हवालदिल झाले. पण स्मृतिपेशी आणि टी-पेशी मागे राहतात. त्या संसर्ग थांबवतीलच असे नाही, गंभीर आजार मात्र बऱ्याच प्रमाणात रोखतात. दंडातल्या लसीचा पहारा रक्तात कडक असतो, नाकाच्या अस्तरात सैल. म्हणूनच लस घेतलेल्यांनाही पुन्हा सर्दी-ताप झाला आणि 'मग लस कशाला?' हा प्रश्न चावडीवर रंगला. नाकातून द्यायची भारतीय लस जानेवारी 2023 मध्ये आली, तेव्हा घ्यायला कोणी उत्सुक नव्हते.

जालन्याचा स्वतःचा आकडा मिळवायचा मार्ग आता आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात जालन्याचेही आहे. तिथल्या प्राध्यापकांना एकच विनंती: औद्योगिक वसाहतीतल्या आणि शहरातल्या ताप-खोकल्याच्या रुग्णांचे नमुने दर आठवड्याला, साथ नसतानाही, घ्यायला सुरुवात करा आणि त्याचे आकडे जालन्याच्या नावाने छापा.